हिरव्या शाईचं वाक्य

बाईंना कॉलेजात सगळे टीपबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण जिन्यात, ग्रंथालयात, चहाच्या टेबलाशी हेच नाव चाले. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निबंधाला तळटीप नसली की बाई तो वाचतच नसत. "पाहुण्याला घरात आणलंत आणि तो कोण हे सांगितलंच नाहीत," असं म्हणून कागद अलगद परत सरकवत.

साहित्यसमीक्षेचा पहिला तास त्या सत्तावीस वर्षं एकाच पद्धतीनं घेत आल्या होत्या. टेबलावर तीन पेनं ठेवायची. कविता काय म्हणते ते काळ्या शाईनं, तुम्हाला काय वाटतं ते निळ्या, आणि दुसऱ्या कुणी म्हटलेलं असेल ते हिरव्या.

"पक्की प्रत एका रंगात छापा, माझी हरकत नाही. पण कच्चे कागद जपून ठेवा. उद्या कुणी विचारलं, हे कुणाचं, तर कागदानं उत्तर दिलं पाहिजे."

"बाई, काहीच सुचलं नाही तर कुठली शाई?" मागच्या बाकावरून एकजण दरवर्षी विचारायचाच.

"लाल. ती माझ्याकडे असते."

वर्ग हसायचा, बाईही हसायच्या आणि वर्ष सुरू व्हायचं.

त्या बुधवारी दुपारी बाई आपल्या खोलीत निबंध तपासत बसल्या होत्या. नवे आलेले तरुण सर दार ढकलून आत आले. हातात छापील कागदांची चळत, चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद.

"बाई, तुमच्या घरी चोरी झाली."

"माझ्या घरी चोरण्यासारखं पुस्तकांशिवाय आहे काय?"

"पुस्तकातलंच गेलंय!" सरांनी कागद पुढे ठेवला. हल्ली विद्यार्थ्यांचे निबंध आधी संगणकातून जात, आणि कुणाचं वाक्य कुणाशी जुळलं की संगणक तिथे पिवळा पट्टा ओढी. या निबंधात पट्टा एकाच वाक्यावर होता. "दुसऱ्या बाकावरची ती शांत मुलगी. आणि वर चेष्टा बघा. तळटीप दिली आहे. संदर्भ काय? तर म्हणे, 'आजोबा'!"

बाईंनी चष्मा लावला. वाक्य होतं: *जे ताट उद्या पुन्हा मांडायचं असतं, तेच माणूस न उष्टावताही धुऊन ठेवतो.*

हे वाक्य बाईंचं होतं. निदान जग तसं मानत होतं. अभ्यासक्रमात एक आठ ओळींची कविता होती. एक बाई रोज संध्याकाळी न येणाऱ्या माणसाचं ताट मांडते, पाणी भरून ठेवते, आणि शेवटच्या ओळीत ते कोरं ताट उचलून धुते. आधीचे सगळे समीक्षक म्हणत, बिचारीचं भान सुटलं, कोरं ताट कुणी धुतं का? मग बाईंचा प्रबंध आला, त्याचं पुस्तक झालं, आणि त्यातल्या या एका वाक्यानं ती कविताच उलटी करून दाखवली. वेडी वाटणारी बाई एकदम आशेची मूर्ती झाली. परीक्षेत त्यावर प्रश्न येई. बाईंचा सत्कार झाला तेव्हा मानपत्रावर हेच वाक्य छापलं होतं.

"उद्या अकराला चौकशी समिती बसते," सर म्हणाले. "सिद्ध झालं तर तिचं वर्ष रद्द आणि प्रमाणपत्रावर शेरा. वाईट वाटतं हो, पण एकाला सोडलं की सगळे सोकावतात."

"आधी मी तिच्याशी बोलते," बाई म्हणाल्या. "पाठवा तिला."

मुलगी आली ती दप्तराची पिशवी छातीशी घट्ट धरून. डोळे भरलेले, पण मान ताठ. बाईंना तो ताठा जरा खटकला.

"माझं पुस्तक वाचलं आहेस?"

"नाही बाई. ग्रंथालयात एकच प्रत आहे आणि ती शिक्षकांच्या कपाटात असते. मागितली होती, दिली नाही."

"मग हे वाक्य?"

"आजोबांचं आहे. मी एवढीशी होते तेव्हापासून ऐकतेय. कविता वर्गात वाचली तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हे तर आमच्याच घरातलं." तिनं पिशवीतून चुरगळलेले कागद काढले. "हा कच्चा मसुदा. तुम्ही जपून ठेवायला सांगितला होता."

काळ्या आणि निळ्या ओळींच्या मध्ये ते वाक्य हिरवंगार बसलं होतं.

"आणि टिपेत नुसतं 'आजोबा'? ही काय रीत झाली?"

"आजोबांनाच विचारलं होतं, टीप म्हणजे काय. त्यांना कीर्तनं ऐकायचा नाद आहे. ते म्हणाले, बुवा पद म्हणायच्या आधी थांबतात, हे अमक्याचं असं सांगतात, हात जोडतात आणि मग गातात. नाव सांगितल्याशिवाय सूर लावत नाहीत. टीप म्हणजे तेवढंच. म्हणून मी सांगितलं."

ही व्याख्या बाईंना सत्तावीस वर्षांत सुचली नव्हती.

"काय करतात आजोबा?" त्यांनी सहज विचारलं.

"आता काही नाही. आधी कोर्टासमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. कॉलेजातले सगळे प्रबंध त्यांच्याकडेच यायचे म्हणे."

बाईंच्या हातातलं पेन टेबलावर आडवं झालं आणि गडगडत कडेपर्यंत गेलं. मुलीनं ते पकडून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं.

"तू जा," बाई म्हणाल्या. "रडू नकोस. तुझी चूक नाही."

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. कपाटाच्या खालच्या खणातून प्रबंधाचे हाताने लिहिलेले कागद ओढून काढले. शेवटचं पान त्यांना न बघताही आठवत होतं. प्रबंध द्यायची शेवटची तारीख तोंडावर, तीन रात्रींचं जागरण, आणि पहाटे कोपर लागून पाण्याचा पेला लवंडला तो नेमका शेवटच्या पानावर. पुन्हा लिहायला वेळ कुठे होता? ओलं पान वाऱ्यावर धरून त्या तशाच टायपिस्टकाकांकडे धावल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता गठ्ठा मिळाला, तो तडक बांधणीवाल्याकडे, तिथून विद्यापीठाच्या खिडकीत. शेवटचं पान वाचलं कुणी?

वाचलं परीक्षकांनी. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाकीचा प्रबंध नसता तरी या एका वाक्यावर मी तुम्हाला पास केलं असतं."

ते वाक्य बाईंनी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं होतं. आणि त्या म्हणाल्या होत्या, "आभारी आहे."

दोन शब्द. त्या दिवशी खरं सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही. मग पुस्तक झालं, मग नोकरी, मग मानपत्र. काकांना गाठून विचारावं असं कितीदा मनात आलं, पण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. म्हणून बाई कोर्टासमोरच्या रस्त्यानं जायच्याच बंद झाल्या. आणि स्वतः जे गिळलं होतं ते दुसऱ्या कुणी गिळू नये म्हणून की काय, वर्गात तीन पेनं मांडत राहिल्या.

पान सापडलं. मध्यावर निळ्या शाईचं तळं झालं होतं. बाईंनी ते खिडकीपाशी धरलं. तीन ओळी विरघळल्या होत्या, पण उजेडात दोनतीन शब्द अजून तरंगत होते: *अर्थशून्य... केवळ सवय...*

बाई खुर्चीत बसल्या. म्हणजे त्यांनीही तेच लिहिलं होतं, जे बाकीच्यांनी लिहिलं होतं.

पान पिशवीत घालून त्या उठल्या. दिवस अजून बराच होता.

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. दार मुलीनंच उघडलं. आईवडील दुसऱ्या गावी कामाला, म्हणून ती शिकायला आजीआजोबांकडे राहत होती. बाईंना पाहून ती दारातच थिजली.

"कोण गं?" आतून आवाज आला.

"आमच्या बाई आल्यात, आजोबा."

"मग दारात काय उभी केलीस? आत घे!"

काका खिडकीशी बसले होते. केस पांढरेशुभ्र, पण बोटं मांडीवर अजून टकटक करत होती. शेजारच्या फळीवर कापडाखाली जुना टाइपरायटर.

बाईंनी पान त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि चेहरा एकदम फुलला.

"अरेच्चा! पाणी सांडलेलं पान! म्हणजे तुम्ही त्या ताई! किती घाई तुमची! उभ्या उभ्याच पळालात."

"काका, या तीन ओळी..."

"वाचता येईनात हो. निरोप कुठे पाठवायचा? तुमचा पत्ता नव्हता माझ्याकडे. जागा कोरी सोडली तर परीक्षक तुम्हाला झोडपणार. मग वर कविता टाइप केली होती ती पुन्हा वाचली. वाचली आणि बोटं थांबलीच." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि आवाज उतरवला. "आमचा थोरला बोटीवर कामाला म्हणून गेला. दोन पत्रं आली, मग नाही. ही रोज त्याचं ताट मांडायची, आणि कोरं उचलून धुवायची. मी एकदा वैतागून म्हटलं, अगं, त्याला उष्टं तरी लागलंय का? तर म्हणाली, उद्या मांडायचंय ना, मग धुवायला नको? तेच लिहून टाकलं."

"पण मी चिठ्ठी लावली होती हं," काका घाईनं म्हणाले. "लबाडी नाही केली. पानाला टाचणीनं चिठ्ठी लावली होती: तीन ओळी वाचता आल्या नाहीत, मी भरल्या आहेत, कृपया तपासाव्यात. सही केली होती खाली."

बाईंना ती चिठ्ठी आठवली. बांधणीवाला ओरडला होता, टाचण्या काढा, माझं पातं मोडेल. त्यांनी पटापटा सगळ्या टाचण्या ओढल्या होत्या, आणि एक पांढरा चिटोरा उडून दुकानाच्या फरशीवर पडला होता. त्या वाकल्याही नव्हत्या.

साऱ्या कॉलेजाला टिपा वाचायला लावणाऱ्या बाईंनी आयुष्यात मिळालेली पहिली टीप वाचलीच नव्हती.

"मला वाटलं, तुम्ही ती ओळ काढली असेल," काका म्हणाले. "राहिली काय?"

"राहिली," बाई म्हणाल्या. "माझ्या नावानं राहिली. आज तुमच्या नातीवर तीच चोरल्याचा आळ आलाय. उद्या चौकशी आहे."

काकांची बोटं मांडीवर थांबली. त्यांनी नातीकडे पाहिलं. तिनं घरी हे सांगितलंच नव्हतं.

"मग त्यात काय एवढं?" ते हळूच म्हणाले. "तुमचं नाव मोठं आहे. एका ओळीसाठी ते कशाला मोडायचं? पोरगी काढून टाकील ती ओळ. काय गं?"

"नाही काढणार," नात म्हणाली.

"मोठ्यांसमोर असं बोलतात?"

"तुम्हीच म्हणालात ना, नाव सांगितल्याशिवाय सूर लावायचा नाही. मी सांगितलंय. आता का काढू?"

तेवढ्यात पदराला हात पुसत आजी दारात आली. ठेंगणी, हसरी, कानाला जरा जड. "काय खलबतं चाललीत? बाई, जेवून जा. झालंच आहे."

तिच्या मागे ओट्यावर ताटं ठेवायची लोखंडी मांडणी होती. घरात माणसं तीन. मांडणीत ताटं चार. चौथ्याची कड सगळ्यांत जास्त चमकत होती.

बाईंच्या पोटात भूक होती, पण आधी जेवणं मनाला पटेना. "आज नको, आजी. उद्या येते. एक काम राहिलंय, ते करून येते."

आजीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "उद्या येते म्हणणाऱ्या माणसांची मला फार सवय आहे हो."

ती हसत म्हणाली, पण बाई जिना उतरेपर्यंत ते वाक्य त्यांच्याबरोबर उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला विभागप्रमुखांच्या खोलीत लांब टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगी भिंतीकडेच्या बाकावर. तरुण सरांनी पिवळ्या पट्ट्याचा कागद फिरवला. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं, कारण माल त्यांचा गेला होता.

बाईंनी टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: त्यांचं पुस्तक, डागाचं पान आणि मुलीचा मसुदा. मग जे झालं ते सांगितलं. पेला, टाचणी, परीक्षकांचं बोट, ते दोन शब्द. आवाज एकदाच फाटला, चिठ्ठीपाशी. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि राहिलेलं सांगून टाकलं.

विभागप्रमुख खुर्चीत पुढे सरकले. भले गृहस्थ होते, बाईंचे जुने सहकारी.

"बाई, एवढ्या वर्षांनी हे कशाला उकरता? मुलीला समज देऊन सोडून देऊ. वाक्य तुमच्याकडेच असू द्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमच्या."

"सोडून द्यायला तिनं धरलंय काय? धरलंय ते मी." बाईंनी पर्समधून हिरवं पेन काढलं. पुस्तक उघडलं आणि त्या वाक्याखाली एका सरळ रेषेत हिरवी शाई ओढली. समासात काकांचं नाव लिहिलं. "वर्गात मुलांना सांगते ना मी? दुसऱ्याचं ते हिरवं."

"मला हे वर कळवावं लागेल हो," विभागप्रमुख कळवळून म्हणाले.

"कळवा. पत्र मीच लिहून आणलंय. प्रकाशकालाही वेगळं लिहिलंय. दोन्हींना तळटिपा आहेत."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांनाच हसावं लागलं. तरुण सर मात्र कागदाशी चाळा करत बसले होते. "आणि संगणकात काय नोंदवू, बाई? तो चोराचं नाव विचारतो."

"लिहा, टीपबाई चुकली."

सरांचे कान लाल झाले. त्यांना वाटत होतं, ते नाव बाईंना माहीत नाही. उठून ते बाकापाशी गेले आणि मुलीला म्हणाले, "मी टीप बघून हसलो होतो. चुकलं माझं." मुलीनं नुसती मान हलवली. तिचा बांध तेव्हा कुठे फुटला.

बाहेर आल्यावर बाईंनी तिच्या हातात निबंध दिला. वीसपैकी तेरा.

"तेराच?" डोळे पुसता पुसता मुलगी म्हणाली.

"टीप अपुरी आहे. 'आजोबा' म्हणजे कुणाचे? जगात आजोबा काय थोडे आहेत? कोण, कुठे, केव्हा, तिन्ही पाहिजेत. आणि मूळ बोलणं त्यांचंही नव्हे, ते आजीचं. त्यांनी टाइप केलं. दोघांची नावं घाल आणि सोमवारी आण."

"आजी नाव घालू देणार नाही. म्हणेल, मी काय केलं? ताट तर धुतलं."

"मग तिला विचारायला मीच येते. तसंही आज जेवायला सांगितलंय मला."

संध्याकाळी सातला बाई त्या गुळगुळीत कठड्याला धरून दोन मजले चढल्या. दार उघडंच होतं. काका उभे राहिले आणि काही बोलायचं म्हणून बोटांनी हवेतच काहीतरी टाइप करून पुन्हा बसले. नातीनं दुपारीच सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"आलात," आजी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण असं, की बाईंना वाटलं, आपल्या सगळ्या मानपत्रांत मिळून एवढं कुणी म्हटलं नव्हतं.

टेबलावर चार ताटं मांडली होती. बाईंच्या पुढे आलं ते सगळ्यांत चमकणारं. त्यांनी ते ओळखलं आणि हात मागे घेतला.

"हे नको, आजी. हे त्याचं..."

"त्याचंच आहे," आजी वाढत म्हणाली. "तो आला की त्याला मांडीन. देवानं आज तुम्हाला पाठवलंय, तर आज तुम्हाला. रिकामं ताट बघून बघून मलाही कंटाळा येतो की नाही? बसा. गार होतंय."

बाई बसल्या. पहिला घास घेताना त्यांनी डोळे मिटले आणि आजीच्या नावानं मनातल्या मनात हात जोडले. मग पोटभर जेवल्या. आजीनं दोनदा वाढलं, त्यांनी दोन्हीदा नको म्हटलं आणि दोन्हीदा संपवलं. काकांनी बोटीवर गेलेल्या थोरल्याची लहानपणची एक खोडी सांगितली. नात आधी हसली आणि मग गप्प झाली, कारण तिनं ती कधी ऐकली नव्हती. त्या घरात त्याच्याबद्दल बोलणं फार दिवसांनी झालं होतं.

जेवण झाल्यावर बाई आपलं ताट उचलून ओट्याकडे निघाल्या. त्यांनी नळ सोडलासुद्धा. आजी लगबगीनं आली आणि तिनं ताट त्यांच्या हातून काढून घेतलं.

"तुम्ही नका. इतकी वर्षं मी हे कोरंच धुतलं." तिनं ताट दिव्याकडे धरलं. कडेला भाजीचा ओघळ होता, चार शितं होती. ती ते पाहत राहिली. "आज कुणीतरी जेवलंय यात. आज मलाच धुऊ द्या."